ढोल्यातली झोप

१

केशोरी गावात कवडूची झोप कुणापासून लपलेली नव्हती. दुपारी पोटभर भात, त्यावर तंबाखूची चिमूट आणि मग ओसरीवरच्या बाजेवर आडवा. थोड्याच वेळात सगळ्या आळीला कळायचं की कवडू झोपला. आधी एक खर्र, मागोमाग एक फुर्र, आणि मग मधेच सगळं थांबायचं. इतका वेळ थांबायचं की ऐकणाऱ्याचाच जीव घाबरा व्हावा. मग रेतीत रुतलेलं बैलबंडीचं चाक उपसावं तसा एक दणदणीत आवाज, आणि पुन्हा खर्र सुरू.

समोरचा शालीकराम म्हणायचा, "हा झोपला म्हनजे गावात डुक्कर पाय ठेवत नाई." ही थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती. धान निसवून लोंब्या धरायच्या दिवसांत लोक कवडूला आपापल्या शेतावर जागलीला बोलवायचे ते जागायला नव्हे, झोपायला. रानडुकरं बांधापासूनच परतायची. कवडू सकाळी ताजातवाना होऊन यायचा आणि वर चहा पिऊन यायचा.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्या वर्षीच्या वैशाखात कवडूचं लग्न झालं. प्रेमिला बिरसीची. लढाईच्या दिवसांत तिच्या गावाजवळच्या धावपट्टीवर विमानं उतरायची, त्या गडगडाटातही ती लहानपणी खुशाल झोपायची. सासरी आल्यावर मात्र तिचा डोळ्याला डोळा लागेना. नवरा लाखात एक होता. बाजारातून येताना जिलेबी आणायचा, अंगणात झाडू मारतानासुद्धा गाणं म्हणायचा, बायकोला हसवल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. पण तो झोपला की प्रेमिला छताची कवेलू, म्हणजे कौलं, मोजत पडायची.

पावसाळाभर हे चाललं. चुलीपुढे बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची आणि भात करपायचा. रोवणीच्या वेळी तर हातात पेंडी धरून ती उभ्या उभ्या झोपली आणि तोंडावर चिखलात पडली. बाया पोट धरून हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

त्या संध्याकाळी तिनं कवडूला सांगून टाकलं. "दिवाळीले भाऊ न्यायले येईल. तवरी हे घोरनं थांबलं तं मी परत येईन. नाई थांबलं तं माह्याच्यानं होनार नाई. तुमाले सोडून जावं वाटत नाई मले. पन झोपीवाचून मानूस मरते."

कवडूनं तोंड उघडलं ते थट्टा करायला, पण तिचे डोळे पाहून मिटून घेतलं. त्याचीही तिच्यावर फार माया होती.

त्याची आई सावित्रीबाई कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "ह्याचा बाप बी असाच घोरे. तो गेला तवापासून मले धड झोप नाई, आन तुले हा हाये म्हनून नाई. कोनाचं का, तं कोनाचं का."

२

गावात चुन्नीलाल नावाचा दंडारीचा उस्ताद होता. दंडार म्हणजे दिवाळीनंतर मंडई भरते तेव्हा रात्रभर चालणारा नाचगाण्याचा खेळ. पोरांचे गळे तयार करायचं काम चुन्नीलालचं. कवडू त्याच्याकडे गेला, लाजत लाजत दुखणं सांगितलं. उस्तादानं त्याला उन्हाकडे तोंड करून बसवलं, जबडा वासायला लावला आणि बराच वेळ आत पाहिलं.

"गळा ढिला पडला हाये तुहा," तो म्हणाला. "बाजेचा सुंभ ढिला पडते नाई का, तसा. कसावा लागंल."

मग त्यानं मेहनत शिकवली. जीभ टाळूला चिकटवायची आणि टक् करून सोडायची. जीभ बाहेर काढून हनुवटीला लावायचा प्रयत्न करायचा. गाल फुगवून आतली हवा या गालातून त्या गालात फिरवायची. शेवटी आ, ई, ऊ, एकेका सुराला दम संपेपर्यंत धरून ठेवायचं. जेवणावर ओवा चघळायचा. आणि हे सगळं बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठावर, पाण्याकडे तोंड करून.

"घरात करू नको," चुन्नीलाल म्हणाला. "गऱ्यातलं पान्यावर सोडाचं."

"काऊन?"

"माह्या उस्तादानं सांगतलं म्हनून. मी त्याले विचारलं नाई, तू मले विचारू नको."

कवडू बोडीवर गेला. पण बोडीवर धुणं धुणाऱ्या बाया असतात, म्हशी असतात आणि कामधंदा नसलेली पोरं असतात. त्यानं जीभ हनुवटीकडे ताणली तशी काठावर हशा पिकला. त्यानं आ लावला तेव्हा एक म्हैस पाण्यातून उठून चालती झाली. संध्याकाळपर्यंत गावातलं प्रत्येक पोट्टं जीभ बाहेर काढून हिंडत होतं. दुसऱ्यांवर हसणाऱ्या माणसाला स्वतःवर हसलेलं सोसत नाही. कवडूनं जाहीर केलं, "मी नाई जात. बायको गेली तं गेली."

बायको जायला तयार नव्हती. तिनंच युक्ती काढली.

मधल्या खोलीत धानाचा ढोला उभा होता. बांबूच्या कांबींनी विणलेला, शेणमातीनं लिंपलेला, छातीएवढा उंच, आत माणूस बसेल एवढा. तळाशी धान काढायचं भोक, त्यात चिंधीचा बोळा. जुनं धान संपलेलं, नवं अजून शेतात, त्यामुळे ढोला रिकामाच होता. दंडारीतली पोरं घागरीत तोंड घालून गातात, आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून. प्रेमिला म्हणाली, "ढोल्यात डोस्कं घालून करा. बाहेर आवाज जानार नाई, कोनी हासनार नाई."

"उस्ताद घरात नको म्हनला व्हता."

"ढोल्यात म्हनजे घरात थोडंच झालं?"

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. कवडू पाटावर चढला, कमरेतून वाकला आणि ढोल्यात शिरला. त्यानं आ म्हटलं. ढोल्यानं त्याहून गोल, त्याहून भरदार आ म्हटलं. कवडू बाहेर आला तो खूश होऊन. "आयक तं, मोठा गवय्या बसला हाये अंदर."

मग रोज सकाळी तेच. ओणवा नवरा पाहून प्रेमिलाला इतकं हसू यायचं की एक दिवस तीही पाटावर चढली आणि त्याच्या शेजारी डोकं खुपसलं. अंधारात, शेणामातीच्या वासात, दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. तो टक् करायचा, ती टक् करायची. त्याचा आ खाली जायचा, तिचा ई वरून तरंगायचा. मधेच कुणीतरी फस्सकन हसायचं आणि ढोलाही हसायचा. पुढे तीही रोज चढू लागली. लग्नानंतरचे तिचे सगळ्यात आनंदाचे दिवस कोणते म्हणाल तर ते हेच.

सावित्रीबाई येता-जाता म्हणायची, "दोन येडे एका ढोल्यात."

३

आणि गुण आला. दसऱ्यापर्यंत खर्र गेलं, कोजागिरीपर्यंत फुर्रही गेलं. कवडू बाजेवर पडायचा आणि गप्प व्हायचा. प्रेमिला झोपली. कितीतरी महिन्यांची उधारी वसूल करावी तशी झोपली. तिच्या गालांवर रंग आला, भात करपायचा थांबला. दिवाळीला तिचा भाऊ नंदलाल छोट्या लाइनीच्या गाडीनं आला, ती त्याच्याबरोबर बिरसीला गेली आणि भाऊबीज होताच "मले पोचवून दे" म्हणून त्याच्या मागे लागली. मंडईच्या दिवशी कवडूनं सगळ्यांदेखत तिला जिलेबीचा पुडा दिला. लोक हसले. या वेळी त्याला लोकांच्या हसण्याचं काही वाटलं नाही.

आता मेहनत करायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी ती सोडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कवडू दुपारचा झोपलेला असताना, प्रेमिलाला मधल्या खोलीतून टक् असा आवाज ऐकू आला. तिनं वर पाहिलं. पाल चुकचुकली असेल. पुन्हा टक्. पाल कुठेच नव्हती. पण पाल काय, दिसलीच पाहिजे असं थोडंच आहे? ती भांडी घासायला निघून गेली.

सावित्रीबाईला वेगळीच काळजी. "हा आता झोपते का मरते, काई समजत नाई," ती म्हणाली. प्रेमिला हसली, पण ते वाक्य तिच्या मनात राहिलं.

४

धानाची कापणी झाली. ढोला भरायच्या आधी झाडून पुसून घ्यायचा म्हणून एका दुपारी प्रेमिला त्याच्यापुढे बसली आणि तळाच्या भोकातला चिंधीचा बोळा तिनं ओढून काढला. घरात सगळं शांत होतं. ओसरीवर कवडू झोपला होता, सासू शेजारी गेली होती.

तिच्या मनगटावर ऊन वाफ आली.

ती आली, आणि गेली. म्हणजे आत गेली. भोकाशी पडलेलं धानाचं एक फोलपट हललं आणि आत ओढलं गेलं. मग पुन्हा वाफ आली, आणि फोलपट बाहेर आलं. वाफेला वास होता. ओवा आणि तंबाखू. कान जवळ नेला तर आतून बारीक खर्र ऐकू येत होतं, दूरच्या रस्त्यानं बंडी जावी इतकं बारीक.

ती उठली आणि तिनं वरून ढोल्यात पाहिलं. आत काही नव्हतं. स्वच्छ रिकामा ढोला, तळाशी भोकातून आलेला उजेडाचा एक ठिपका. प्रेमिला भित्री नव्हती. तिनं विचार केला की भिंत उन्हानं तापली असणार, वारा भोकातून आत जाऊन परत येत असणार, आणि रोज त्यात तोंड घातल्यावर ओव्याचा वास राहणारच. सगळं पटण्यासारखं होतं. तरी तिचे पाय आपोआप ओसरीकडे वळले.

कवडू उताणा पडला होता. चेहरा शांत, ओठ किंचित हसरे. तिनं त्याच्या नाकापुढे बोट धरलं. काही लागलं नाही. छातीवर नजर लावली. सदऱ्याची एक सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. आणि आत, मधल्या खोलीत, ते बारीक खर्र आपल्या लयीत चाललं होतं.

तिनं त्याला गदागदा हलवलं. त्यानं मोठा श्वास ओढला आणि डोळे उघडले. त्याच क्षणी आतला आवाज थांबला.

"का झालं वं?"

"माशी बसली व्हती नाकावर."

"मंग माशीले मारायचं, मले कायले मारतेस?" तो म्हणाला आणि तिचा हात धरून हसायला लागला. हात गरम होता, माणूस धडधाकट होता. हल्ली तर तो नेहमीपेक्षा ताजा उठायचा. प्रेमिला त्याच्याजवळ बसून राहिली. सांगावं की नाही, तिला कळेना. सांगायचं तरी काय? तिला नवरा हवा होता आणि झोपही हवी होती, आणि देवानं दोन्ही दिलं होतं. ते कुठे ठेवलंय याची चौकशी करू नये, असं तिला त्या वेळी वाटलं. तिनं बोळा परत घालताना तो सैल घातला, एवढंच.

५

मळणी झाली, ढोला भरला. त्या घरची रीत अशी की भरलेल्या ढोल्याच्या तोंडावर भाताच्या पेंढ्याचं तणीस अंथरायचं, वरून शेणमातीचा जाड लेप द्यायचा, तळाचं भोकही लिंपायचं आणि संक्रांतीपर्यंत ढोल्याला हात लावायचा नाही. लेप मधे फोडला तर घरातली बरकत जाते, असं सावित्रीबाईची सासू सांगायची आणि आता सावित्रीबाई सांगायची.

"मामी, राहू द्या ना उघडा," प्रेमिला म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची.

"कायले? उंदरं का तुह्या बापाचं खातीन?"

प्रेमिलानं मनाशी ठरवलं की लिंपताना आपण जवळ थांबायचं, गुपचूप एक भोक राखायचं, आणि तोवर कवडूला झोपू द्यायचं नाही. पण सावित्रीबाईला धीर कुठला. प्रेमिला दुपारी बोडीवर धुणं घेऊन गेली तेवढ्यात म्हातारीनं माती कालवली, वर-खाली लेप दिला आणि त्यावर हाताची पाच बोटं उमटवून ठेवली. कवडू खळ्यावरून थकून आला होता. जेवला आणि पडला.

प्रेमिला ओलं धुणं घेऊन अंगणात आली आणि जागीच थांबली. घरातून काहीच आवाज येत नव्हता. ना ओसरीवरून, ना आतून. हल्ली ते बारीक खर्र तिच्या कानांना इतकं सवयीचं झालं होतं की ते नाही हे तिला अंगणातूनच समजलं.

धुणं तिथेच पडलं. कवडूचा चेहरा काळानिळा झाला होता. डोळे मिटलेले, दोन्ही मुठींत बाजेचा सुंभ आवळलेला. तिनं हलवलं, गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. तो उठेना. गेल्या वेळी एका हिसक्यात उठला होता, आज उठेना.

ती मधल्या खोलीत धावली. कोपऱ्यातलं मुसळ उचललं, पाटावर चढली आणि ओल्या लेपावर घातलं.

"अवं, लक्ष्मीवर मुसर घालतेस?" सावित्रीबाई मागून धावली आणि तिनं सुनेचा पदर धरला. प्रेमिलानं पदर सोडवला नाही, तसंच दुसऱ्यांदा मुसळ घातलं. लेप फुटला, तणीस खाली गेलं, नारळाएवढं भोक पडलं.

आतून हवा ओढल्याचा आवाज आला. तिच्या कपाळावरचे केस भोकाकडे ओढले गेले. मग खर्र झालं, कधी नव्हे एवढं मोठं, आणि कोंडा उडून तिच्या तोंडावर आला.

तिनं आत पाहिलं. कवेलूंच्या फटीतून ऊन येत होतं, तेवढ्यात दिसलं ते दिसलं. धान वर येत होतं आणि खाली जात होतं. पोट हलावं तसं, सावकाश. मग धानाखाली काहीतरी वळलं. एका बाजूचं धान उंच झालं, सरसर ओघळलं आणि स्थिर झालं. आणि त्याच क्षणी ओसरीवर बाज करकरली. कवडूनं कूस बदलली होती.

सावित्रीबाईनं तिचा पदर सोडला. दोघी ओसरीवर गेल्या. कवडूच्या तोंडावर रंग परतत होता. त्याच्या मुठी सुटल्या होत्या.

म्हातारी म्हणाली, "उंदीर व्हता का वं ढोल्यात?"

"हो, मामी."

"मोठा व्हता वाटते."

६

ढोल्याला पुन्हा लेप लागला नाही. उंदरांसाठी सावित्रीबाईनं शालीकरामाकडून एक मांजर आणली. मांजर घरभर हिंडायची, फक्त मधल्या खोलीत जायची नाही. पण उंदीरही तिथे फिरकत नव्हते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. बरकत जायची तर कुठेच गेली नाही. उलट त्या वर्षी धान चांगल्या भावानं गेलं.

कवडूला कुणी काही सांगितलं नाही. तो खायचा, गायचा, झोपायचा. आपलं घोरणं गेलं म्हणून गावभर चुन्नीलालचं कौतुक करायचा. एकदा उस्ताद स्वतः आला, ओसरीवर बसला, सावित्रीबाईनं चहा दिला. आत ढोला गप्प होता, कारण कवडू जागा होता. तरी चुन्नीलालनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "बोडीवरच केलं ना रे?"

"मंग? पान्याकडं तोंड करून," कवडूनं ठोकून दिलं.

उस्ताद चहा अर्धा ठेवून उठला. त्यानंतर तो रस्त्यात भेटायचा, हसून बोलायचा, पण त्या घरी कधी आला नाही.

सगळ्यात सुखी झाली ती सावित्रीबाई. तिनं आपलं अंथरूण ढोल्याला लागून घातलं आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती सलग झोपू लागली. "ह्याच्या बापासारखंच," ती म्हणायची. प्रेमिलाही हळूहळू निवली. दुपारी आतून खर्र आलं की ती निर्धास्त कामाला लागायची. आवाज चालू आहे म्हणजे नवरा चालू आहे. ज्या आवाजापायी ती माहेरी जायला निघाली होती, तोच आता ऐकू आला नाही तर तिचा हात कामात थांबायचा. मनातल्या मनात ती हसायची.

संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाल्यावर एका दुपारी ती फार दमली. कवडू बाजेवर पडला होता, त्याच्या शेजारी खाली चटईवर तीही पडली आणि तिला गाढ झोप लागली. दुपारची ती सहसा झोपत नसे.

ती उठली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. कवडू अजून झोपला होता, आतून त्याचं घोरणं येत होतं. सावित्रीबाई मधल्या खोलीच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिचा चेहरा प्रसन्न होता.

"चांगली झोपलीस पोरी."

"हे लय घोरत व्हते का?"

"दोघं बी."

प्रेमिला हसली. "मी कदी घोरतो का, मामी?"

"तू नाई वं. तू तं मेल्यावानी गप पडली व्हतीस." म्हातारीनं हनुवटीनं आतल्या ढोल्याकडे खूण केली. "तिकडून. एक जाड आन एक बारीक. बारीक आताच थांबला, तू उठलीस तवा. मले तं बरं वाटलं बाप्पा. घर भरल्यावानी वाटलं."

प्रेमिलानं आपल्याच नाकापुढे हात धरला. श्वास येत होता, जात होता, गरम होता. तिनं तो हात खाली घेतला नाही. तिला ढोल्याच्या अंधारातली ती सकाळ आठवली, एकमेकांना टेकलेली डोकी, त्याचा आ आणि तिचा ई, आणि ढोल्याचं ते हसणं. अंगावर काटा आला, आणि त्याबरोबरच, का कुणास ठाऊक, तिला हसूही आलं. नवऱ्याला एकट्याला तिथे सोडलं नव्हतं तिनं.

मग तिच्या मनात दुसरंच आलं आणि ती झटकन उठली. ढोल्याच्या लेपाला मुसळानं पाडलेलं भोक नारळाएवढंच होतं. घाईत पाडलेलं, एकापुरतं.

तिनं कोपऱ्यातलं मुसळ घेतलं, पाटावर चढली आणि भोकाच्या कडा हळूहळू फोडायला लागली. सावित्रीबाईनं सुपातले तांदूळ बाजूला ओतले आणि पडणारी माती झेलायला सूप पुढे धरलं.